फार उपकार झाले

आत्यांनी कधी कुणाला ‘थँक यू’ म्हटलं नाही. ‘आभारी आहे’ असंही नाही. त्या म्हणायच्या, “फार उपकार झाले.” आता हे वाक्य मराठीत सरळ अर्थाने कुणी वापरतं का? नवऱ्याने महिन्यातून एकदा स्वतःचा चहाचा कप उचलून मोरीत ठेवला की आपण म्हणतो ते हे वाक्य. रिक्षावाला दहा वेळा मान हलवून शेवटी ‘बसा’ म्हणाला की आपण पुटपुटतो ते हे वाक्य. आत्यांच्या तोंडी मात्र ते शब्दशः खरं असायचं, आणि ऐकणाऱ्याला ते पहिल्यांदा कधीच कळायचं नाही. मग निस्तरायला मी.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, विलासच्या, सख्ख्या आत्या. नगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेच्या बोर्डिंगमध्ये मुली सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर काही वर्षं गावी एकट्या राहिल्या, मग गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि विलास त्यांना कोपरखैरण्याला आमच्याकडे घेऊन आला. सामान म्हणजे एक ट्रंक, एक काठी आणि तो शब्द. आम्ही ख्रिस्ती लोक देवाची ‘उपकारस्तुती’ करतो. मूल झालं, नोकरी लागली, माणूस दुखण्यातून उठला, की घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची, पाळकांना, म्हणजे पाद्रींना, बोलवायचं, गीतं म्हणायची आणि नंतर पुलाव. म्हणजे शब्द आमच्या घरातलाच, पण आम्ही तो ठेवणीतल्या भांड्यांसारखा वर फळीवर ठेवलेला. आत्यांनी तो खाली काढून रोजच्या चहाला वापरायला घेतला.

पहिला घोटाळा लिफ्टवरून झाला. आमच्या इमारतीची लिफ्ट बरेच दिवस बंद होती. सोसायटीचे सेक्रेटरी जाधवभाऊ मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटमध्ये माथाडी. पोती वाहून वाहून मान जरा पुढे आलेली, पण आवाज खणखणीत. लिफ्ट चालू झाली त्या दिवशी आत्या हौसेने खाली उतरल्या. गेटपाशी भाजीच्या गाडीभोवती बायका उभ्या होत्या. त्या सगळ्यांसमोर आत्यांनी हात जोडले आणि बोर्डिंगमधल्या आवाजात म्हणाल्या, “जाधव, फार उपकार केलेत हो आमच्यावर!” बायका हसल्या. संध्याकाळी जाधवभाऊ आमच्या दारात.

“वहिनी, आत्यांना सांगा, टोमणं मारायचं बंद करा म्हनावं. कंपनीचा मानूसच येत न्हवता. मी काय लिफ्ट पाठीवर घिऊन वर-खाली करू का?”

आत्या काठी टेकत आतून आल्या. “टोमणा कसला? खरंच उपकार आहेत तुमचे. मी घरात कोंडले होते. रविवारी उपासनेला जाता येत नव्हतं. तुम्ही त्या कंपनीच्या मागे लागलात म्हणून तो आला.”

“बघा! पुन्ना!” जाधवभाऊ माझ्याकडे वळून म्हणाले. “आवो आत्या, आभार म्हना की सरळ.”

“आभार कार्यक्रमाच्या शेवटी मानतात,” आत्या म्हणाल्या. “आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक खाली वाकून चपला शोधायला लागतात. मला तुम्हाला घालवून द्यायचं नाहीये. बसा, चहा टाकते मीना.”

चहा अर्थात मीनाने, म्हणजे मीच टाकला. जाधवभाऊ प्यायले आणि जाताना जिन्यात मला हळूच म्हणाले, “बाई लाख मोलाची हाय, पर भाषा लई डेंजर.”

दुसरी गोष्ट ताटावरची. जेवणाआधी प्रार्थना आमच्याकडे पूर्वीपासून होतीच, पण ती तोंडपाठ. विलास एका दमात म्हणायचा आणि ‘आमेन’पर्यंत त्याचा हात आमटीच्या वाटीत पोचलेला असायचा. आत्या आल्या आणि ही सोय गेली. त्यांचा नियम असा की ‘सगळ्याबद्दल तुझे उपकार’ असं म्हणायचं नाही. “सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दलच नाही,” त्या म्हणायच्या. “बोर्डिंगमधल्या मुली असंच म्हणायच्या. एक डोळा मिटलेला, एक भाकरीवर.” एकच गोष्ट सांगायची, नाव घेऊन सांगायची, आणि ती त्याच दिवसातली हवी. कालची चालायची नाही. “देवाला शिळं वाढू नये.”

मी तुर्भ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते. गाड्या भरणं, चलनं काढणं, ड्रायव्हरांशी भांडणं. माझा अख्खा दिवस ‘अजून गेलं का नाही?’ या एका प्रश्नात संपतो. तिथून येऊन, कुकर उतरवून, ताटं घेऊन बसायचं आणि वर त्या दिवसातली एक बरी गोष्ट शोधायची, ही मला शिक्षाच वाटायची. मी म्हणायचे, “पाणी आलं.”

आत्या डोळे मिटलेलेच ठेवून विचारायच्या, “ते काल पण आलं होतं. आज काय आलं?”

“आत्या, भाकरी गार होतेय.”

“गार भाकरीचं उद्या सांग. आज काय?”

त्यांच्या स्वतःच्या गोष्टी अगदी बारीक असायच्या. औषधवाल्याने पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘सकाळ’ लिहून दिलं. बसचा कंडक्टर ‘सावकाश उतरा’ म्हणाला आणि खरंच घंटी न वाजवता थांबला. समोरच्या बाईने उडालेला टॉवेल आणून दिला, तोही घडी घालून. घडी घातली नसती तरी चाललं असतं, असं त्या देवाला सांगायच्या. मग मी काय केलं, दुपारीच एखादी गोष्ट हेरून ठेवायला लागले. भक्ती म्हणून नव्हे, ताटावर अडकायला नको म्हणून. कुठल्या ड्रायव्हरने न सांगता ताडपत्री नीट बांधली, कोणी गेटवर दुसऱ्याच्या गाडीला वाट दिली. त्यासाठी दिवसभर बघत राहावं लागायचं. आधी मी फक्त चुका बघत असे, ते माझं कामच आहे. तीच नजर आता आणखी एका कामाला लागली. आत्यांनी यावर एक शब्दही काढला नाही. फक्त माझी गोष्ट संपली की त्यांचं ‘आमेन’ जरा मोठ्याने यायचं. ती सवय मला अजून आहे आणि अजूनही माझी भाकरी गार होते.

यावरून आत्या गोडगोड होत्या असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. खाडीकडच्या गावातली मासळीवाली दारावर यायची, म्हणायची, “आत्या, ताजा हाय, आताच आनलाय.” आत्या माशाकडे बघून म्हणायच्या, “याचे डोळे बघ. माझ्यापेक्षा जास्त दुनिया पाहिलीय यानं.” घासाघीस करून तिला रडकुंडीला आणायच्या आणि शेवटी मासे घेऊन म्हणायच्या, “उपकार हं, उन्हातून आलीस.” ती बिचारी जिना उतरेपर्यंत मागे वळून बघायची, की ही म्हातारी नक्की शिव्या देतेय की आशीर्वाद.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी हंगामाचा सण होतो. गावी लोक शेतातली पहिली कणसं, कोंबडी, भोपळा असं काही देवापुढे आणतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. इथे कुणाचं शेत? लोक मार्केटमधून नारळ आणायचे, देवापुढे ठेवायचे आणि लिलावात तोच नारळ घेऊन घरी जायचे. आत्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं, “हा हंगाम कुणाचा? दुकानदाराचा?” पाळक गोंधळले. आत्या म्हणाल्या, ज्याच्या हातून जे निघतं ते त्याने आणावं. पुढच्या वर्षी एका शिक्षिकेने मुलांसाठी केलेले तक्ते आणले, एकाने दुरुस्त केलेला मिक्सर आणला. मला आणण्यासारखं काही सुचेना. कारखान्यातला माल माझा नाही आणि तिथली धावपळ टोपलीत भरता येत नाही. आत्यांनी ही गोष्ट लिफ्टमध्ये जाधवभाऊंच्या कानावर घातली असणार, कारण सणाच्या रविवारी सकाळी त्यांनी अर्धं पोतं कांदे आमच्या दारात आणून टाकले. “तुमच्या देवाला चालतील का ठावं न्हाय. पर पाठीवर आनल्यात, म्हंजी माझाच हंगाम झाला.” त्या कांद्यांना लिलावात सगळ्यात जास्त बोली लागली.

मग विलासची किडनी गेली. एक गेली, दुसरी जवळपास गेलेली. रक्तदाबाच्या गोळ्या तो मनाला येईल तेव्हा घ्यायचा, त्याचं हे फळ, असं डॉक्टर म्हणाले. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. ज्यांनी केलं नाही त्यांना सांगते, त्यात सगळ्यात वाईट सुई नसते, पाणी असतं. दिवसभराचं पाणी मोजून मिळतं. घोट घेतला की पेल्यात किती उरलं ते माणूस बघत राहतो. मी एका पायावर कारखाना, एका पायावर दवाखाना अशी पळत होते. घरी आले तरी बसत नव्हते. बसलं की डोक्यात चक्र सुरू व्हायचं, म्हणून उभ्यानेच भाजी चिरायची, उभ्यानेच फोन घ्यायचे.

भेटायला लोक यायचे. मंडळीतल्या एक बाई आल्या, विलासचा हात धरून म्हणाल्या, “भाऊ, या दुखण्याबद्दलसुद्धा देवाचे उपकार मानायला शिकलं पाहिजे. शास्त्रातच आहे.” माझ्या हातातली सुरी थांबली. मी काही बोलायच्या आत आत्या बोलल्या.

“दुखण्याबद्दल असं कुठे आहे? दुखण्यात आहे. तिथे ‘त’ आहे, ‘बद्दल’ नाही. एवढ्या वर्षांत एक प्रत्यय नीट वाचता आला नाही?”

बाई चहा न घेता गेल्या. आत्या विलासला म्हणाल्या, “दुखणं वाईट आहे. त्याला वाईटच म्हणायचं. त्यातही काय बरं मिळालं ते शोधायचं. आज काय मिळालं?”

विलास चिडून म्हणाला, “बर्फाचा तुकडा. सिस्टरने दिला. चोखायला.”

“मग तो बर्फाचा तुकडा,” आत्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी सांगितलं, किडनी बदलणं हाच मार्ग, आणि जवळच्या नात्यातली मिळाली तर उत्तम. माझा रक्तगट जुळेना. मूलबाळ नाही. राहिला एकच माणूस, विलासचा धाकटा भाऊ सुहास. आणि त्याच्याशी आमचं बोलणं बंद.

भांडण जमिनीचं नव्हतं, पाण्याचं होतं. सासरे गेले तेव्हा तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला घर भरलेलं. सुहास त्या सुमारास कामोठ्याच्या एका नव्या सहभागितेत, म्हणजे वेगळ्या पंथाच्या प्रार्थनागटात, जायला लागला होता. तिथे त्याने नदीत पूर्ण बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतलेला. नवा उत्साह. बोलता बोलता म्हणून गेला, “डोक्यावर चार थेंब शिंपडले म्हणजे काही बाप्तिस्मा नव्हे. पप्पांचा तसा झालाच नव्हता म्हणायचा.” वडिलांना जाऊन तीन दिवस. विलास उठला, सुहासच्या चपला जिन्यात नेऊन ठेवल्या आणि दार उघडं धरून उभा राहिला. एवढंच. दोघंही नवी मुंबईतच, मध्ये पाच-सहा स्टेशनं, आणि कित्येक वर्षं एकमेकांच्या घराची पायरी चढली नाही.

आत्या मात्र दोघांच्याही आत्या. गुडघे दुखत असताना एक दिवस बस बदलत बदलत त्या कामोठ्याला जाऊन आल्या. आल्यावर एवढंच म्हणाल्या, “मी फक्त सांगून आले. मागितलं काही नाही.”

पुढच्या रविवारी दुपारी सुहास दारात. मी म्हटलं, “या.” विलास टीव्हीसमोर बसला होता. त्याने नजर वळवली नाही.

“दादा, माझा रक्तगट जुळतो,” सुहास उभ्यानेच म्हणाला. “मी तपासून आलोय.”

“कुणी सांगितलं होतं तपासायला?”

“कुणी नाही.”

“मग आधी मला नदीवर नेऊन बुडवणार असशील. तुझ्या मते मी अजून कोरडाच ना?”

“तुला कपभर पाणी मोजून मिळतं, दादा. बुडवू कशात?”

आत्या फसकन हसल्या. मलाही हसू आवरेना. विलास हसला नाही, पण टीव्ही बंद केला.

“बदल्यात काय पाहिजे तुला?”

“काही नको.”

“हेच! हेच मला नकोय. काहीतरी माग. गावचं घर माग, पप्पांचं घड्याळ माग, मग मी विचार करतो. नुसतं फुकट घेऊन जन्मभर तुझा मिंधा राहू? उद्या तू इथे येऊन बसशील आणि मला पंखा तुझ्याकडे वळवावा लागेल. मी बाहेर वडापाव खाल्ला तरी तुला वाटेल, माझ्या किडनीवर तेल ओततोय. नको. तुझे उपकार नकोत मला.”

तो शब्द तसा वापरलेला ऐकून आत्यांनी काठी जमिनीवर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

“विलास, लहानपणापासून तू उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला बसतोस. उपकारफेडीच्या प्रार्थनेला कधी बसलायस?”

“म्हणजे काय?”

“अशी प्रार्थना कुठल्या मंडळीत होते? ऐकलीस कधी?”

“नाही.”

“का होत नाही?”

विलासने हातातला रिमोट उलटा करून पाहिला.

“कारण फेडता येत नाही. फेडता आलं असतं तर आपण गीतं म्हणत बसलो नसतो. फेडून पावती घेतली असती आणि घरी गेलो असतो.”

“ते देवाचं झालं, आत्या. हा सुहास आहे.”

“असू दे. प्रभुभोजनाला भाकरीच्या तुकड्यासाठी ओंजळ पुढे करतोस, ते ख्रिस्ताचं शरीर म्हणूनच घेतोस ना? तेव्हा विचारतोस का, बदल्यात काय पाहिजे म्हणून? इतकी वर्षं फुकट घेत आलास, आणि आज सख्ख्या भावापुढे तुला स्वाभिमान आठवला?”

मग आत्या सुहासकडे वळल्या. “आणि तू. देणार आहेस म्हणून वरच्या पाटावर बसायचं नाही. त्याने घेतली, तर त्याचेही तुझ्यावर उपकार. द्यायला निघालेल्या माणसाला घेणारा मिळावा लागतो.”

“हो, आत्या,” सुहास म्हणाला. चाळिशी ओलांडलेला माणूस, बोर्डिंगमधल्या मुलीसारखा.

विलास त्या दिवशी काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माझी अवस्था काय सांगू? त्याला हलवून हलवून विचारावंसं वाटत होतं, अरे, तुला जगायचंय का नाही? आत्यांनी मला दटावलं. “मीना, दार उघडून झालंय. आता ढकलू नकोस.” ढकलायचं नाही तर मी करायचं काय? मी माळे साफ केले, पडदे धुतले, चांगलं असलेलं पिठाचं भांडं पुन्हा घासलं. तिसऱ्या दिवशी डायलिसिसच्या खुर्चीत टेकून, छताकडे बघत विलास म्हणाला, “त्याला फोन करून सांग, टेस्टला उपाशीपोटी यायचं असतं. नाहीतर मिसळ हाणून येईल.”

मी फोन करायला बाहेर गेले आणि जिन्यात दोन मिनिटं नुसती उभी राहिले. माझ्यासारख्या बाईसाठी ते बरंच झालं.

पुढे टेस्ट, पुन्हा टेस्ट, सह्या, परवानगी देणाऱ्या समितीपुढे मुलाखत, एकदा सुहासला ताप आला म्हणून तारीख पुढे, एकदा विलासला. या सगळ्यात आत्यांना दम लागणं वाढत होतं आणि त्या ते वयावर ढकलत होत्या. अखेर एका सकाळी दोन्ही भावांना आत नेलं, आधी सुहासला, मागून विलासला. आत्या घरीच राहिल्या. त्यांच्या सोबतीला जाधवभाऊ येऊन बसले होते. मी दवाखान्याच्या बाकांना फेऱ्या घालत होते. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, किडनी जोडल्या जोडल्या काम करायला लागली, लघवी झाली.

मी घरी फोन लावला. “आत्या, लघवी झाली.”

आत्यांनी पलीकडे फोन धरूनच प्रार्थना सुरू केली. “देवा, आमच्या विलासला लघवी झाली. तुझे फार उपकार. सुहासचं पोट दुखत असेल, ते हलकं कर. मीना सकाळपासून जेवली नाही, तिला कुणीतरी जेवायला सांग.”

जाधवभाऊंनी नंतर मला विचारलं, “वहिनी, देवाला असलं बी सांगत्यात व्हय?”

“आत्या सांगतात,” मी म्हटलं.

विलास घरी आला, त्या दिवशी त्याच्यासाठी वेगळं, उकळून शिजवलेलं ताट. आत्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, कारण जवळ बसायची परवानगी नव्हती. विलासने डोळे मिटले. “आज तहान लागली तेव्हा पाणी प्यायलो,” तो म्हणाला. थांबला. आत्याही थांबल्या.

“आणि?”

“एकच सांगायची असते ना?”

“आज दोन चालतील.”

मग विलास म्हणाला, “सुहास.” त्याला पुढचं वाक्य जमेना. आत्यांनी ‘आमेन’ म्हणून त्याची सुटका केली.

पण हे सुहासच्या पाठीमागे झालं. सुहास तिकडे कामोठ्याला आपल्या घरी टाके सांभाळत होता. दोघं फोनवर बोलायचे ते रक्ततपासणीतल्या क्रिएटिनिनचे आकडे आणि गोळ्यांची नावं. “कसं आहे?” “बरं आहे.” “तुझं?” “बरं.” संपलं. मी शेजारी उभी राहून ऐकायचे आणि मला वाटायचं, घेतली खरी याने, पण पोटात घेतली, मनात घेतली का? आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, “शरीरसुद्धा दुसऱ्याची वस्तू लगेच आपली म्हणत नाही. गोळ्या घ्याव्या लागतात. मनाला गोळी नाही, म्हणून जास्त वेळ लागतो.” घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठरली. सुहास येणार होता, त्याच्या सहभागितेचे ढोलकीवालेही येणार होते, आणि विलास त्याला नाही म्हणाला नव्हता.

त्याच आठवड्यात एका सकाळी आत्या चहा पिऊन खुर्चीत बसल्या होत्या. मी डबा भरत होते. कप खाली ठेवल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काही आवाज आला नाही. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. मी पुलावाची ऑर्डर रद्द केली, पाळकांना फोन केला, कामोठ्याला फोन केला. त्या दिवशी माझ्याकडे रडायला वेळ नव्हता आणि नंतर मी तो काढला, पण तो माझा प्रश्न आहे.

विलासच्या डॉक्टरांनी फोनवर अटी घातल्या. मास्क काढायचा नाही, गर्दीत थांबायचं नाही, काही उचलायचं नाही, मातीला हात लावायचा नाही. मातीतून जंतुसंसर्ग होतो आणि या अवस्थेत तो जिवावर बेततो. सुहासलाही ओझं उचलायला बंदी. आत्यांची शवपेटी घराबाहेर काढताना दोघंही सवयीने पुढे झाले, तर जाधवभाऊंनी हाताने मागे सारलं. “तुमी दोघं बाजूला व्हा. टाकं वलं हायेत अजून. ओझं उचलायचा धंदा आमचा.” त्यांच्याबरोबर मार्केटमधली त्यांची माणसं आली होती. त्यांनी आत्यांना उचललं. मागून हे दोन भाऊ, शेजारी शेजारी, आणि हातांचं काय करावं ते दोघांनाही कळत नव्हतं. विलासने खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले, सोडले.

कबरस्तानात पाळकांनी प्रार्थना केली, गीत झालं, पेटी खाली गेली. मग एकेकाने पुढे होऊन मूठभर माती टाकायची. घरचे आधी. विलासने पाऊल टाकलं आणि मी त्याचं कोपर धरलं. “मातीला हात नाही.” त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, हा आता ऐकणार नाही. सगळे थांबले होते. ज्या आत्याने त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलं, तिच्यासाठी एक मूठ माती टाकता येऊ नये, हे त्याला सोसत नव्हतं. माझा हात मी सोडला नाही.

सुहास पुढे झाला. कुशीवर तळहात दाबून तो सावकाश वाकला, मूठभर माती घेतली आणि खाली सोडली. उठला. मला वाटलं, आता बाजूला होईल. तो पुन्हा वाकला. दुसऱ्यांदा वाकताना त्याला दुखलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. त्याने दुसरी मूठ भरली आणि ती तशीच धरून कबरीच्या काठावर उभा राहिला.

“ही दादाची,” तो म्हणाला. आणि विचारल्यासारखं विलासकडे बघितलं.

मास्कच्या वर विलासचे फक्त डोळे दिसत होते. आजवर सुहासने काहीही केलं तरी त्यावर विलासकडे एक तिरकं उत्तर तयार असायचं. मी त्याची वाट बघत होते.

“टाक,” विलास म्हणाला.